शब्दाचं शेपूट

८ जानेवारी

वाचा-उपचारवाल्या बाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. हिच्या तोंडून दिवसभरात जे शब्द निघतील ते तारीखवार उतरवायचे आणि दर पंधरवड्याला त्यांना दाखवायचे. हे काम मला सांगितलं हे उत्तम झालं. सदतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होतो. दुसऱ्याचं बोलणं उतरवून घेणं यापलीकडे मला खरं तर काही येतच नाही.

केस थोडक्यात अशी. २६ नोव्हेंबरला सकाळी चहा ओतताना हिचा उजवा हात किटलीसकट खाली गेला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. जीव वाचला. पाय आता बराच वळतो, हात अर्धामुर्धा चालतो. बोलणं मात्र गेलं. तीन आठवडे एक शब्द नाही, आणि मग एका दुपारी बोलली ती तुर्की!

थट्टा करत नाही. लग्नाआधी ही शिष्यवृत्तीवर दोन वर्षं तिकडे राहून आली होती, आणि नंतर तीस वर्षं भाषासंस्थेत संध्याकाळी तुर्कीचे वर्ग घेत होती. डॉक्टर म्हणाले, "शिकलेली भाषा आधी परत येते आणि आईची मागे राहते, असं क्वचित होतं. मराठी येईल मागाहून. किंवा नाहीही येणार. आपण मराठीत बोललेलं त्यांना कितपत पोचतं, तेही आत्ता सांगता येत नाही." घरात तिसरं माणूस नाही. मला तुर्कीतलं एक अक्षर येत नाही. कधी गरजच पडली नाही.

उपचारवाल्या बाईंनी आणखी एक ताकीद दिली आहे. पेशंटचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही, मग कितीही वेळ लागो. मी मान डोलावली खरी, पण लघुलेखकाला हे जड जातं. न्यायाधीश साहेबांनी नुसतं "सबब" म्हटलं की माझ्या पेन्सिलीने दावा खर्चासह फेटाळलेला असायचा. साहेब चहाच्या वेळी सगळ्यांना सांगायचे, हा माझ्या आधी निकाल देतो. चांगल्या अर्थाने म्हणायचे.

१३ जानेवारी

आज सकाळी खिडकीशी बसलेली असताना हिने "च" म्हटलं. स्पष्ट मराठी "च"! मी धावत गेलो. "चहा?" मान हलवली. "चष्मा? चादर? चप्पल? चमचा?" चारही वस्तू आणून समोर मांडल्या. हिने डोळे मिटून घेतले. दुपारी पुन्हा एकदा "च" झालं, मी पुन्हा सगळं विचारलं, आणि त्यानंतर दिवसभर काही नाही. दमली असावी.

२० जानेवारी

१४ तारखेपासून आजपर्यंत मराठी शून्य. तुर्की भरपूर. ओ की ठो कळत नसूनही लघुलिपीत सतरा पानं उतरवली आहेत. हाताला अजून वेग आहे.

२१ जानेवारी, रविवार

हिची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. फरशा निर्यात करणाऱ्या कंपनीत तुर्की पत्रव्यवहार बघते, वय तीसएक. मी मोठ्या ऐटीत वही तिच्यापुढे ठेवली आणि वाचून दाखवायला लागलो.

दोन ओळींतच ती म्हणाली, "काका, स्वर कुठे आहेत?"

आता लघुलिपीत वेगात लिहिताना स्वर गाळतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. व्यंजनांचा सांगाडा ठेवायचा, उरलेलं वाचताना भरायचं. मराठीत भागतं, कारण शब्द आधीच माहीत असतो. तुर्कीत म्हणे सगळा जीव शब्दाच्या शेपटात. एव म्हणजे घर. कुणी घर बांधलं, विकलं, पाडलं तर ते एवी. घराकडे म्हणजे एवे. त्याचं किंवा तिचं घर, पुन्हा एवी. माझ्या वहीत सगळीकडे एकच वळसा. शिवाय पुढचा शब्द पकडायच्या घाईत बऱ्याच ठिकाणी मी शेपूट घेतलेलंच नाही.

"म्हणजे मॅडम घराबद्दल काहीतरी म्हणाल्या, एवढंच कळतंय," ती म्हणाली. "घरी जायचंय, की घर नकोय, की कुणाचं घर, ते नाही कळत."

सतरा पानं फुकट गेली. सदतीस वर्षांत माझं एक पान कधी कोर्टाने परत केलं नव्हतं. फार लाज वाटली. यापुढे सगळं पूर्ण अक्षरांत लिहायचं ठरवलं आहे. आणि दर रविवारी ही मुलगी मला शिकवणार आहे. मी तिला गुरुबाई म्हणतो, ती लाजते.

संध्याकाळी मेहुणीचा फोन. "भाऊजी, तुम्हाला एकट्याला जमायचं नाही. ताईला आमच्याकडे आणते. खाली खोली आहे, दोन्ही सुना आहेत, बोलायला माणसं आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला येते न्यायला." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, त्यात बघायचं काय? खरंच, त्यात बघायचं काय? मी काही बोलू शकत नाही हिच्याशी.

४ फेब्रुवारी

भाषा वाटली तेवढी परकी नाही. आपणही घर, घरात, घरातून असंच शेपूट लावतो. शिवाय दावा, वकील, तारीख, हजर हे सगळं त्यांच्याकडेही जवळजवळ तसंच आहे. म्हणजे निम्मं कोर्ट मला येतंच. पडद्याला पेर्दे आणि पेनाला कालेम म्हणतात. फरक एवढाच की "माझं, तुझं" हेदेखील ते शब्दाच्या मागे चिकटवतात. एविम म्हणजे माझं घर, एविन तुझं, एविमिझ आपलं. आधी घर, मग कुणाचं ते.

आज हिच्याशी पहिल्यांदा तुर्की बोललो. खिडकी उघडू का, असं विचारायचं होतं. "पेन्जेरे," म्हणालो आणि अडकलो. हिने डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. नुसती बघत.

गुरुबाई हळूच म्हणाली, "वर्गात असंच करायच्या. शेपूट लावल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत, आणि सांगायच्याही नाहीत."

मी एक शेपूट लावून पाहिलं. हात हलला नाही. दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला हिने हात उचलला. सहा-सात मिनिटं गेली असतील. खिडकी उघडली तेव्हा मला घाम आला होता.

११ फेब्रुवारी

गुरुबाई मला हिच्याच शिकवणीच्या वहीतून शिकवते. प्रत्येक विभक्तीला हिने स्वतः रचलेली वाक्यं आहेत. आज गुरुबाईने पंचमीच्या धड्यातलं वाक्य वाचलं, अर्थ सांगितला: नवरा कोर्टातून आला. मी उडालोच! पुढे चतुर्थीत: नवरा वर्तमानपत्राकडे बघतो. सप्तमीत: मी स्वयंपाकघरात आहे. पुन्हा षष्ठीत मी: नवऱ्याची खुर्ची, नवऱ्याचा चष्मा, नवऱ्याची वेळ.

तीस वर्षं प्रत्येक तुकडीने माझ्यावर विभक्ती गिरवली आणि मला पत्ताच नाही. गुरुबाई म्हणाली, "आम्ही तुम्हाला बघितलं नव्हतं, पण तुम्ही पाठ होता." मला जरा अभिमानच वाटला. हिला सांगितलं, "अगं, मला पुस्तकात घातलंस की!" हिने खिडकीबाहेर बघितलं.

१८ फेब्रुवारी

आज जरा चमत्कारिक झालं. मी पेन शोधत होतो. ही म्हणाली, "कालेमिन नेरेदे?" तुझं पेन कुठे आहे. मान द्यायचा तर कालेमिनिझ म्हणायला हवं, तुमचं पेन. गेल्याच आठवड्यात तो धडा झाला. चौतीस वर्षं ही मला अहो-जाहो करते. मी गुरुबाईला एकीकडे घेऊन विचारलं, आजारात माणूस असं विसरतं का?

ती म्हणाली, "काका, तिकडे नवरा-बायको तूच म्हणतात."

दिवसभर आत कुठेतरी टोचत राहिलं. माझ्या आईनंतर मला कुणी तू म्हटलेलं नाही. संध्याकाळी मुद्दाम पेन उशीखाली लपवलं आणि शोधायला लागलो. हिने पुन्हा विचारलं. बरं वाटलं. वेडेपणा आहे, पण वही खासगी आहे.

२७ फेब्रुवारी

वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कुणीतरी सोडवलेलं सापडलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत, बारा उभे शब्द, सगळे बरोबर. स्वयंपाकाच्या मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांनाच विचारलं, "मावशी, माझं कोडं का हो सोडवलंत?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "चुकलं साहेब. पुन्हा नाही सोडवणार."

"सोडवा हो, पण दुसऱ्या दिवशी. 'नदीचा उगम जिथे होतो तो भाग' तुम्हाला आलं कसं?"

"आलं आपलं," म्हणाल्या आणि भांड्यांचा आवाज करायला लागल्या. बाई हुशार आहे. हिच्याही खुणा त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळतात. परवा माझ्या ध्यानीमनी नसताना हिची राखाडी शाल कपाटाच्या वरच्या फळीवरून काढून दिली. कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, "कळतं हो साहेब, बायाबायांचं."

६ मार्च

आहे आणि नाही यांचा धडा. तुर्कीत "मला घर आहे" असं नसतं. माझं घर आहे, असं म्हणतात: एविम वार. नसलं तर एविम योक. सोपं वाटलं. सराव म्हणून मी हिच्यासमोर बसून एकेक करत गेलो. आपलं घर आहे. आपली गाडी नाही. आपली खिडकी आहे. मग लक्षात यायच्या आत तोंडून गेलं, चोजूउमुझ योक. आपलं मूल नाही.

हे वाक्य या घरात मराठीत कधी उच्चारलं गेलेलं नाही. पाहुण्यांनी विषय काढला की मी तिसरंच काही बोलायचो. इथे तर जे नाही त्यालाही आधी आपलं शेपूट लावावं लागतं आणि मगच नाही म्हणता येतं. हिने शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग तेच वाक्य सावकाश माझ्यामागून म्हणाली. चूक काढली नाही. आम्ही दोघं रडलो. मी तरी रडलो.

नंतर मावशींनी चहा आणला आणि काही न विचारता ठेवून गेल्या.

१४ मार्च

उपचारवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि हिच्याशी पाऊण तास दार लावून काम केलं. बाहेर आल्या तेव्हा खुशीत दिसल्या. "फार छान प्रगती आहे."

मी म्हटलं, "पण मराठी?"

त्यांनी हिच्याकडे बघितलं. मग मला विचारलं, "तुम्ही आता यांची वाक्यं पूर्ण करत नाही ना?"

"करणार कशी? मला येतात कुठे?"

"मग तसंच चालू ठेवा," म्हणाल्या. प्रश्नाचं उत्तर न देण्यात ही माणसं वकिलांच्या वरताण आहेत. वहीसुद्धा उघडून बघितली नाही.

घर फार शांत झालं आहे. पूर्वीही ही कमीच बोलायची, पण तेव्हा शांतता जाणवत नव्हती, कारण मी बोलत असायचो. आता माझ्याजवळ नामं आहेत आणि त्यांची शेपटं आहेत. तेवढ्यावर दोन माणसांचा दिवस जात नाही. जेवताना मी "मीठ" म्हणतो, ही "टेबलावर" म्हणते. मग दोघंही आपापल्या ताटाकडे बघतो. मला फार एकटं वाटतं, आणि हे सांगायला ज्या भाषेत ऐकणारं माणूस आहे ती भाषा मला पुरेशी येत नाही.

२५ मार्च

मेहुणी दोन तारखेला येतेय. खालच्या खोलीला रंग दिला म्हणाली. तिचं सगळं बरोबरच आहे. तिथे हिच्याभोवती मराठी बोलणारी सहा माणसं असतील. मराठी परत यायची असेल तर तिथेच येईल. मी आडवा येणं म्हणजे निव्वळ स्वार्थ.

तरीही आज सांगून टाकायचं ठरवलं. जाऊ नकोस, एवढंच. पण आज्ञार्थ पुढच्या महिन्यात आहे! गुरुबाईला फोन करून विचारता आलं असतं, पण हे वाक्य तिच्याकडून कसं घ्यायचं? मराठीत म्हटलं असतं तर हिला कळलं असतं की नाही, माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर मराठीत मला ते म्हणताच आलं नसतं. मराठीत मी आजवर हिला काही मागितलेलं नाही. नुसतं सांगितलंय.

शेवटी जे होतं ते घेऊन गेलो. "एविमिझदे," म्हणालो. आपल्या घरात. शेपटं दोन्ही बरोबर होती, आपलं आणि आत. हिने हात टेबलावर ठेवला आणि क्रियापदाची वाट बघत बसली. माझ्याकडे क्रियापद नव्हतं. मी उठून गॅस बंद आहे का ते बघायला गेलो.

२ एप्रिल

मेहुणी सकाळी आली. मोकळी बॅगही घेऊन आली आहे, हिचे कपडे भरायला. अकराच्या सुमारास मी हिच्या गोळ्या आणायला निघालो. जिन्यात लक्षात आलं, चिठ्ठी टेबलावरच राहिली. परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बोलणं ऐकू आलं. मराठी, आणि त्यात एक आवाज हिचा.

मी आत जायला हवं होतं. गेलो नाही. खिशात पेन होतं, हातात कागदी पिशवी. काही कळायच्या आत मी पिशवीवर उतरवून घ्यायला लागलो होतो. ते खाली पूर्ण अक्षरांत देतो आहे. शब्दशः आहे.

मेहुणी: भाऊजींना माहीतच नाही? अगं ताई, काय हे!

ही: मावशींना... माहीत आहे. उपचाराच्या... बाईंना.

मेहुणी: मग त्यांनाही सांग की. म्हातारपणी शाळेत घातल्यासारखे पाठांतर करत बसलेत बिचारे.

ही: जानेवारीत... बोलायला लागले होते. "चला" म्हणायचं होतं. बाहेर... जरा. (थांबते.) "च" म्हटलं तर चार वस्तू... समोर. (हसते.) चमचा.

मेहुणी: त्यांचा स्वभावच तो. मनाने वाईट नाहीत.

ही: नाहीत.

मेहुणी: आणि तुर्कीत काय वेगळं होतं?

ही: पुढचं... त्यांना माहीत नसतं. म्हणून... थांबतात. माझ्या तोंडाकडे... बघतात.

मेहुणी: चौतीस वर्षांत बघितलं नव्हतं?

ही: (कपबशीचा आवाज.)

मेहुणी: बरं, मग काय, भरू ना कपडे? चार महिने माझ्याकडे राहा, मनसोक्त बोल.

ही: नको. आत्ता कुठे... ओळख होतेय.

इथे पिशवी संपली.

तसाच खाली उतरलो. चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराने काय हवं विचारलं तर सांगता येईना. बाकावर बसलो. आधी संताप आला. मावशींना माहीत, बाईंना माहीत, शब्दकोडं हिचं, शाल हिने मागितलेली, आणि मी वहीत तारीखवार गाढवपणा उतरवत होतो. सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं. दुकानदाराने पाणी दिलं. ते प्यायलो तेव्हा राग उतरला आणि खाली काही उरलंच नाही. गेले तीन महिने या घरात मला जे वाटत होतं, ते हिला किती वर्षं वाटत असेल, हा हिशेब मी तिथे बसून मांडायला लागलो आणि अर्ध्यात सोडून दिला.

घरी आलो तेव्हा मेहुणी म्हणाली, "गोळ्या?" मी म्हटलं, संपल्या होत्या.

४ एप्रिल

मेहुणी सकाळच्या गाडीने मोकळी बॅग घेऊन परत गेली. जाताना माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "काळजी घ्या भाऊजी," आणि कुणाची ते सांगितलं नाही.

मावशींना आज लवकर जायचं होतं. दुपारी आम्ही दोघंच. ही टेबलाशी बसली होती, शिकवणीची वही समोर. मी खुर्ची ओढून समोर बसलो. काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो, ते सगळं गेलं.

"अगं, मी परवा ऐकलं," म्हणालो. "दारात होतो."

ही माझ्याकडे बघत राहिली. दचकली नाही. मला वाटतं, तिला पावलं ओळखू आली असणार. मग मान डोलावली.

"मला," म्हणाली, मराठीत. "मला तुम्ही..."

आणि अडकली.

हे वाक्य मला येत होतं. मला तुम्ही कधी बोलू दिलं नाहीत. किंवा, मला तुम्ही कधी विचारलं नाहीत. कुठलंही घेतलं तरी खरं होतं आणि कुठलंही मी बिनचूक पूर्ण करू शकलो असतो. तोंडापर्यंत आलंही होतं, कारण तिला धापा टाकत ते शोधताना बघवत नव्हतं, आणि कारण मला ते एकदाचं संपवायचं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घातले. तिचे ओठ हलले, थांबले. बाहेर कुणाची तरी गाडी चालू होईना, दोनदा, तीनदा. मग ती चालू होऊन गेलीसुद्धा. मी तोंडाकडे बघत होतो.

"मला तुम्ही... चुकता ना... तेव्हा फार... आवडता."

मला वाटलं होतं ते हे नव्हतंच. चौतीस वर्षांत असली किती वाक्यं मी मध्येच माझ्या मनाने संपवून टाकली असतील!

हिने डाव्या हाताने वही माझ्याकडे सरकवली आणि बोट ठेवलं. नववा धडा, भूतकाळ. मी पहिली ओळ वाचायला घेतली आणि दुसऱ्याच शब्दाला चुकलो. मुद्दाम नव्हे.